सड्यावरचं पाणी बघायला कधी जायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पावसात साचणाऱ्या तळ्यांबद्दल मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या, पण त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून पूर्ण सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, माझी लेक जर्मनीत हॅम्बर्गजवळ असते. मागच्या ऑगस्टात आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आम्हाला ल्यूनेबर्ग हीथ नावाच्या मोठ्या माळावर नेलं. सगळा माळ जांभळ्या फुलांनी भरलेला, पुढे एका ठिकाणी काळ्या पाण्याची तळी आणि त्यांच्यामधून लाकडी फळ्यांची वाट. मला सारखं वाटत होतं की असलं काहीतरी मी लहानपणी बघितलंय, पण कुठे ते आठवेना. गोव्यात असं काही आहे का? (एक वाचक, फोंडा)

आहे, आणि तुम्ही ते नक्की बघितलेलं असणार, कारण तुमच्या वयाच्या कुठल्याही गोंयकाराने पावसात सडा बघितला नाही असं होत नाही. गुरं राखायला, करवंदं काढायला, नाहीतर पलीकडच्या गावात मामाकडे चालत जायला आपण सगळे सड्यावरूनच गेलोय.

आता साम्य कुठलं ते सांगते. तिथली जमीन वाळूची आणि अगदी निकस, शेतीला फारशी उपयोगाची नाही, म्हणून शेकडो वर्षं लोकांनी तिथे मेंढ्या चारल्या आणि त्या मेंढ्यांनी झाडांची रोपं खाल्ली म्हणून हीथरची बुटकी जांभळी झुडपं टिकली. आजसुद्धा तिथे हाइडश्नुके नावाच्या करड्या मेंढ्यांचे कळप मुद्दाम फिरवतात, नाहीतर बर्च आणि पाइन उगवून थोड्या वर्षांत माळाचं जंगल होईल. तुम्ही फळ्यांवरून फिरलात ते बहुतेक श्नेफरडिंगनजवळचं पीट्समोअर असणार, तिथे पूर्वी जळणासाठी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती, खणून काढायचे आणि त्या खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली. पाणी काळं दिसतं ते घाणीमुळे नाही, पीटचा अर्क उतरतो, आपण कोरा चहा करतो ना तसं.

आपला सडा वेगळ्या कारणाने उघडा आहे. इथे मेंढ्यांनी नाही, दगडाने झाडांना अडवलंय. ऊन आणि धो धो पाऊस यांनी लाखो वर्षं खडक धुतला, त्यातलं सिलिका वाहून गेलं आणि लोखंड नि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तोच आपला जांभा दगड, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधली. इंग्रजीत त्याला लॅटराइट म्हणतात, ते नाव फ्रान्सिस बुकॅनन या सर्वेक्षकाने केरळातल्या अंगाडिपुरमला हा दगड बघून १८०७ साली छापलं, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून. सड्यावर माती बोटभरसुद्धा नसते, काही ठिकाणी नुसता कातळ, त्यामुळे मोठं झाड उभं राहत नाही आणि कातळाला जिथे खळगे आहेत तिथे जूनमध्ये पाणी साचतं, तीच आपली तळी. कुठे ताटाएवढी, कुठे म्हशींचा अख्खा कळप डुंबेल एवढी.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की दोन्हीकडे जमीन निकस असल्यामुळे दोन्हीकडे एकाच घराण्यातल्या वनस्पती सापडतात! मातीत खायला नाही म्हणून किडे खाणाऱ्या. तिथे पीटच्या ओल्या जागी दवबिंदू नावाचं रोप वाढतं आणि आपल्या सड्यावरही दवबिंदूच, जात वेगळी पण कूळ तेच, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दुसरी म्हणजे सीतेची आसवं. नाव आपल्या लोकांनी काय ठेवलंय बघा. निळसर जांभळी इवलीशी फुलं, लांबून कातळावर निळा धूर पसरल्यासारखा वाटतो, आणि खाली पाण्यात, चिखलात बारीक फुगे असतात, एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाच्या केसाला लागला की झडप उघडून तो आत ओढला जातो, हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी होऊन जातं. तिथल्या पीटच्या पाण्यातही याच कुळातल्या वनस्पती आहेत. तेव्हा तुम्हाला ओळखीचं वाटलं ते उगाच नाही वाटलं.

लेक सुट्टीवर येईल तेव्हा तिला सड्यावर न्या, पण डिसेंबरात नको. परदेशातली मुलं डिसेंबरातच येतात आणि तेव्हा सडा वाळून पिवळा झालेला असतो, मग ती म्हणतात इथे काय आहे.

प्रश्न : नेमकं कधी जायचं? आम्ही दोघंही नोकरीला, एखादा रविवार मिळतो. (वास्को)

एकच रविवार असेल तर चवथीच्या मागेपुढे, म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. पाऊस उघडझाप करत असतो, खळगे भरलेले असतात आणि फुलं भरात. जुलैत गेलात तर गवत आणि पाणी बघाल, गेंद या रानफुलाचे पांढरे मणी नुकते डोकं वर काढायला लागलेले असतील, पण छत्रीतून काही बघणं होत नाही. ऑक्टोबर लागला की हळूहळू सगळं सुकायला लागतं. सप्टेंबरात दुपारनंतर ढग गडगडायला लागले की मात्र ताबडतोब खाली उतरायचं, सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता आणि विजेला तेवढं पुरतं.

सकाळी सात साडेसातला पोचा. पायात पकड असलेले बूट घाला, कारण ओल्या कातळावर शेवाळ असतं आणि चप्पल घालून मी स्वतः एकदा अशी आपटलेय की महिनाभर मनगट बांधून होतं. दगडाच्या भेगांत हात घालायचा नाही, सड्यावर फुरसं असतं, ते रंगाने इतकं दगडासारखं की पाय पडेपर्यंत दिसत नाही. चावलंच तर जखम कापणं, बांधणं, चोखणं यातलं काही करू नका, माणसाला हलू न देता १०८ ला फोन.

आणि एक गोष्ट मी दर वेळी सांगते, आताही सांगतेच. सड्यावर जे चौकोनी, कापल्यासारखे सरळ काठ असलेलं हिरवं पाणी दिसतं ते तळं नाही! ती चिऱ्यांची सोडलेली खाण. काठ उभा, खोली किती ते वरून कळत नाही, पाय घसरला तर धरायला काही नाही. पोहता येणारी मुलंसुद्धा अशा खाणींत बुडालीत. खरं तळं उथळ असतं आणि त्याचा काठ हळूहळू उतरत जातो, एवढा फरक मुलांना जाण्याआधी घरीच दाखवून समजावा.

प्रश्न : मी ७४ वर्षांची, गुडघे दुखतात, सड्यावर चढणं आता होत नाही. पण नातवंडांना तळं आणि पक्षी दाखवायचेत. करमळीला जाऊ की नंदा तळ्याला? (एक आजी, म्हापसा)

आजी, तुम्हाला म्हापशाहून करमळी सोपं. रेल्वे स्टेशनच्या अगदी लागून तळं आहे, जुन्या गोव्याहून गाडीने थोड्या मिनिटांत, आणि काठाने रस्ता असल्यामुळे गाडीतून उतरून दोन पावलांवर फोल्डिंगची खुर्ची मांडली की झालं. हे तळं आपोआप झालेलं नाही, पूर्वजांनी बांध घालून पाणी अडवलं ते खालच्या वायंगण शेतीसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी. म्हणून पाणी उथळ, आणि उथळ म्हणूनच पक्ष्यांना सोयीचं. अडई नावाची बदकं, शिळ घातल्यासारखी ओरडतात, ती थव्याने. जांभळी पाणकोंबडी, लाल चोचीची, मुलांना हीच सगळ्यात आवडते असा माझा अनुभव. कमळाच्या पानावरून लांब बोटं टाकत चालणारा कमळपक्षी. आणि थंडीत उत्तरेकडून येणारे पाहुणे, तलवार बदक, भिवई बदक. त्यासाठी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरा.

नंदा तळं कुडचड्याला, सावर्डे-कुडचडे स्टेशनपासून फार लांब नाही. २०२२ साली ते रामसर यादीत गेलं, गोव्यातली ती पहिली पाणथळ जागा. रामसर हे इराणमधलं गाव, तिथे १९७१ साली पाणथळ जागा राखायचा आंतरराष्ट्रीय करार झाला म्हणून ते नाव. नंदा तळं आहे ४२ हेक्टर, जुवारीला मिळणाऱ्या एका उपनदीच्या शेजारी, आणि पावसाळा संपल्यावर पाणी साठवायचं, त्यावर खालची भातशेती करायची, मासे धरायचे, असा त्याचा गावाशी रोजचा संबंध आहे. तिथेही अडई, पांढरा अवाक, खंड्या, पाणकावळे, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार. साष्टीतल्या कोणी विचारलं असतं तर मी कुडतरी सांगितलं असतं, गावात एवढी तळी की साष्टीचं कोठारच म्हणतात त्या गावाला, आणि सेंट आलेक्स चर्चसमोरच्या तळ्याच्या काठी संध्याकाळी बसलं की उठावंसं वाटत नाही. मये तळं पण छान, डोंगरांच्या मधे, बोटिंग आहे, पण तिथे गर्दी असते आणि पक्षी बघायला गर्दी चालत नाही.

नातवंडांसाठी दुर्बीण एकच न्या आणि पाळी लावा. दोन नेल्यात तर दोघंही भांडत बसतील, एक असली की वाट बघताना दुसरा नुसत्या डोळ्यांनी बघायला शिकतो. ब्रेडचे तुकडे टाकू देऊ नका, पक्ष्यांना ते सोसत नाही आणि पाणी नासतं.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या सड्यावरचं तळं जानेवारीत एकदम कोरडं पडतं, मग त्यातले बेडूक आणि बाकीचे प्राणी कुठे जातात? पाऊस आल्यावर एका रात्रीत परत कसे येतात? (डिचोली)

या महिन्यातला हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. ते कुठेच जात नाहीत बाळा, तिथेच असतात. बरेचसे बेडूक मातीत, दगडांच्या फटीत, खोल ओलसर जागी जाऊन निपचित पडून राहतात, श्वास, हालचाल सगळं कमीत कमी. पहिल्या मोठ्या पावसाने जमीन थंड झाली की बाहेर येतात, आणि त्यांना घाई असते, कारण पाणी आटायच्या आत अंडी, शेपटीवाली पिल्लं आणि मग पायवाले बेडूक हे सगळं उरकायचं असतं. मोठा बुलफ्रॉगचा नर त्या दिवसांत पिवळाधमक होतो, तो बघितला असशीलच.

पाण्यात बारकाईने बघ, तळहाताच्या खळग्यात थोडं पाणी घेऊन उजेडात धर. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात कातळावरच्या अशा पाण्यात फेअरी श्रिम्प म्हणून नखाएवढे पारदर्शक जीव सापडतात, उताणे पोहतात. ते स्वतः मरतात पण त्यांची अंडी तापलेल्या कोरड्या मातीत महिनोनमहिने टिकतात, आणि पाणी मिळालं की फुटतात. म्हणून तळं कोरडं दिसलं तरी ते रिकामं नसतं. त्या मातीत पुढच्या पावसाचं सगळं ठेवलेलं असतं, आणि कोणी उन्हाळ्यात त्यात भराव टाकला की ते सगळं एकदम मरतं, कुणाला कळतही नाही.

तुला एक सांगायचंय. २०१८ साली गोव्याच्या सड्यांवर शास्त्रज्ञांना बेडकाची एक नवीन जात सापडली आणि तिला नाव दिलं 'गोयेमची', म्हणजे आपली गोंयची. शाळेतल्या बाईंना सांग, वर्गात सांगण्यासारखं आहे. आणि पावसात गावात कोणी बेडूक मारायला रात्री बॅटरी घेऊन निघत असतील तर मोठ्या माणसाला सांग की १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि भातावरचे किडे खाणारा आपला फुकटचा गडी आपणच मारतोय.

प्रश्न : नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीत टाळी वाजवली की जास्त बुडबुडे येतात हे खरं का? (केपे)

बुडबुडे खरे, तळातून वायू सतत वर येतो म्हणून. टाळीचं म्हणाल तर मी वाजवूनही बघितलीय आणि न वाजवता पण बसून बघितलंय, बुडबुडे दोन्ही वेळा येत होते. न वाजवता जास्त छान वाटलं, दगडी पायऱ्यांवर बसायचं, समोर गोपीनाथाचं देऊळ, पाण्यात खालून येणाऱ्या मण्यांच्या माळा. तळीत उतरू नका, साबण तर नकोच.

प्रश्न : आमचा ग्रुप दर रविवारी बाइक घेऊन सड्यावर जातो. गेल्या वेळी एका गावकऱ्याने आम्हाला अडवलं आणि खूप बोलला. तिथे शेत नाही, झाड नाही, नुसता दगड, मग नुकसान कसलं? (पेडणे)

भावा, विचारलंस ते बरं केलंस, म्हणून नीट सांगते. ज्याला तू नुसता दगड म्हणतोस त्याच्यावर जी बोटभर माती आहे ती जमायला किती पिढ्या जातात, आणि ओल्या मातीवर एक टायर फिरला की ती उखडून पुढच्या सरीत वाहून जाते, तिथे मग परत गेंद नाही की सीतेची आसवं नाहीत. टायर तळ्यातून गेला तर अंडी, पिल्लं सगळं चिरडतं. शिवाय मार्चपासून पुढे टिटवी सड्यावर उघड्यावरच अंडी घालते, घरटं असं नसतंच, चार खडे बाजूला करून मधे चार अंडी, दगडासारखीच दिसणारी. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की समजायचं, आपण तिच्या घरात उभे आहोत. जसे आलात तसे मागे फिरा.

तो माणूस तुम्हाला बोलला तेव्हा तुम्हाला राग आला असेल, पण त्याच्या बाजूने बघ. पर्वरी, ताळगाव, वेर्णे, हे सगळे सडेच होते, आता तिथे इमारती, विद्यापीठ, कारखाने. तुमच्या पेडण्यात मोपाच्या पठारावर तर विमानतळच आला, २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उडताहेत. ज्याच्या गावाचा सडा अजून शिल्लक आहे तो माणूस धास्तावलेला असतो. कागदावर 'पडीक' लिहिलेली जमीन आधी जाते, आणि रविवारी बाइक फिरवायला ती मोकळी आहे असं सगळ्यांना वाटायला लागलं की कागदावरचं ते पडीक आणखी पक्कं होतं. बाइक खाली डांबरी रस्त्याला लावा आणि चालत जा. त्याच गावकऱ्याला भेट, काका म्हणून हाक मार, आम्हाला सडा दाखवा म्हण. असे लोक दिवसभर दाखवत बसतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

प्रश्न : दवबिंदूचं रोप कुंडीत जगेल का? (मडगाव)

नाही. खत घातलेल्या मातीत आणि नळाच्या पाण्यात ते मरतं. फोटो काढा, गुडघ्यावर बसून, पण बसायच्या आधी गुडघ्याखाली काय आहे ते बघून.

प्रश्न : आमच्या घराच्या वर सडा, खाली कुळागर. माझ्या लहानपणी सड्याच्या पायथ्याची झर मे महिन्यापर्यंत वाहायची, तिच्या पाटावर पोफळी जगल्या. आता फेब्रुवारीतच धार बारीक होते. गेल्या काही वर्षांत सड्यावर चिऱ्यांची खाण सुरू झाली आणि एका बाजूला सपाटीकरण झालं. मुलगा म्हणतो पाऊस कमी झालाय, मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक, साखळी)

काका, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पाऊस आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, एखादं वर्ष कमी जास्त, पण झर तीन महिने आधी आटायला फक्त पाऊस कारण असेल असं मलाही वाटत नाही. जांभा आतून पोकळ, भेगांचा, छिद्राछिद्रांचा असतो. वर खळग्यांत, गवतात पाणी थांबतं, हळूहळू आत मुरतं, दगडातून खाली सरकतं आणि खालच्या चिकट मातीच्या थराला अडून पायथ्याशी बाहेर येतं, ती तुमची झर. पणजीतली बोक द व्हाकची झर अशीच आल्तिनोच्या पायथ्याला, साळगावची साल्मोना, वेर्ण्याकडचं केसरव्हाळ, सगळ्या झरी कुठल्या ना कुठल्या पठाराच्या पायाशी. करमळीसारखी तळीसुद्धा आजूबाजूच्या डोंगरावरून जे उतरतं त्यावरच भरतात. वरचं सपाट केलं, खळगे बुजवले, काँक्रीट टाकलं तर पाणी मुरायला थांबतच नाही, जुलैत एकदम ओहोळातून लाल होऊन निघून जातं. खाण मधेच कापली तर पाण्याची आतली वाटच तुटते.

तुमच्या झरीच्या बाबतीत नक्की काय झालंय ते जागेवर बघितल्याशिवाय कोणी सांगू नये, मीही सांगत नाही. पण तुम्ही आजपासून एक करा. वहीत दर आठवड्याला एक बादली भरायला किती मिनिटं लागतात ते लिहा, आणि धार तुटली तो दिवस लिहा. तुमच्या लहानपणीचं जे आठवतं तेही लिहा, कुठल्या साली कुठल्या सणाला पाणी होतं, शिगम्याला होतं का, अक्षय तृतीयेला होतं का. वाड्यावरच्या इतर म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, बायकांना जास्त, पाणी भरायला त्याच जात होत्या. ग्रामसभेत नुसतं 'झर आटली' म्हटलं तर ऐकून घेतात आणि विसरतात, वही पुढे ठेवली की त्यांना उत्तर द्यावं लागतं.

आणि सप्टेंबरात एकदा मुलाला घेऊन वर जा. खाणीच्या अलीकडे जेवढा सडा शिल्लक आहे तिथली तळी मोजा, किती, केवढी, कुठे. तीही वहीत. पुढच्या अंकापर्यंत जे जमेल ते मला पाठवा, मी वाट बघतेय.